चौथ्या बाजूची जाळरेषा

आमच्या शेताचा पूर्वेकडचा धुरा ओलांडला की इकलास लागायचा. सरकारी कागदांत ती ई-क्लास जमीन, म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली. गावात मात्र ‘इकलास’ हा शब्द एखाद्या माणसाच्या नावासारखा वापरात होता. ढोरं इकलासात गेली, घराच्या भरावाला मुरूम इकलासातून आणला, आणि पहाटे तांब्या घेऊन निघालेला माणूसही इकलासाकडेच जायचा. माझ्या लहानपणी तो सगळा उतार उघडा होता. खाली थोडा पळस, आमच्या धुऱ्यालगत एक जुनं हिवराचं झाड आणि बाकी पायाला टोचणारे दगड. शेलूबाजारला जीपमधून उतरून तासभर चाललं की आधी हा उतार दिसायचा आणि मग गाव. आमचे मामा म्हणायचे, तुमच्या गावाला लांबूनच टक्कल दिसते.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमचा हा धुरा पुरुषभर उंच होता आणि त्यावर बोरी-बाभळींची इतकी दाट जाळी होती की शेतात उभं राहिलं तर पलीकडचं काही दिसत नसे. पलीकडे पाहायचं असेल तर उत्तरेच्या टोकाला वळसा घालून जावं लागे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून इथेच लिहून ठेवतो. चैत्र लागला की गावातले सगळे धुरे पेटवले जायचे. तण जळतं, उंदीर पळतात, साप दिसतो, पेरणीआधी शेत मोकळं होतं, अशी कारणं सांगितली जात. अजूनही सांगतात आणि अजूनही धुरे पेटतात. बाबा हे काम शिस्तीने करायचे. पहाटे वारा पडलेला असताना सुरुवात, हाताशी निंबाच्या चार-पाच हिरव्या डहाळ्या आणि पाण्याची एक घागर, आणि ऊन चढायच्या आत सगळं विझवून घरी. त्यांच्या हातून आग कधी दुसऱ्याच्या शेतात गेली नव्हती. गावात कोणाला धुऱ्याची भीती वाटली तर तो आमच्याकडे विचारायला यायचा.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर टिनाचं. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरीच्या थापटण्याने आणि बाबांच्या रेडिओने. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा आणि त्यावर कच्चं तेल, हे वर्षातले निम्मे दिवस. थंडीत तुरीच्या सोल्यांची भाजी, पावसाळ्यात अंबाडी. रेडिओवर बाजारभाव लागला की बाबा त्याला उत्तरं द्यायचे. तिकडून बाईंनी सोयाबीनचा भाव सांगितला की इकडून बाबा म्हणायचे, “त्या भावानं तुह्या घरी ने.” माय हसायची नाही, पण भाकर थापणं क्षणभर थांबायचं. बाबांना बिडी होती, आणि आगपेटी चुलीच्या वरच्या कोनाड्यात असायची. दिवसातून दहा वेळा ते ती घ्यायचे आणि परत ठेवायचे.

सुशी आमच्या घरात आली ती या भाकरीच्या वासावर, असं बाबा म्हणायचे. ती गावाशेजारच्या तांड्यावरची. मंगरुळपीरच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो आणि शेलूबाजारपर्यंतची वाट सोबतच चालायचो. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यात परत यायचे. मधले महिने ती चुलत्याकडे राहायची. तिसरा आमचा दिगंबर, म्हणजे दिग्या, ज्याच्याकडे सायकल होती आणि जो ती चढावर आमच्याकडून ढकलून घ्यायचा. कॉलेजच्या वाटेवर स्मशानभूमीचं तारेचं कुंपण लागायचं. एका कार्तिकात सुशी तिथे थांबली. कुंपणाच्या आत गुडघ्याएवढं पवन्या गवत होतं, बाहेर दगड.

“पाह्य,” ती म्हणाली, “मेलेल्यायच्या वाट्याले गवत हाये. जित्त्यायच्या ढोरायले नाही.”

“मंग ढोरायले मरायले सांग,” दिग्या म्हणाला.

ती हसली नाही. तिने कुंपणावरून हात घालून गवताचे तुरे ओरबाडले आणि ओढणीच्या टोकात बांधले. एवढीच सुरुवात होती. पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी केली आणि पर्यावरणासाठी झटणाऱ्या तरुणांवर पुष्कळ लिहिलं. अशा मजकुरात सुरुवातीच्या क्षणाला एक तेज द्यायची पद्धत असते. मी त्या क्षणाला हजर होतो. ते ओढणीच्या टोकातलं मूठभर बी होतं, आणि आम्हाला जीपला उशीर होत होता.

गुरं आत गेली नाहीत तर गवत येतं, हे तिला दिसलं होतं. त्यासाठी इकलास बंद करायला हवा होता, आणि तो बंद करायचा म्हणजे सगळं गाव अंगावर घ्यायचं. तिने ते घेतलं. घरोघर जाऊन तिने एकच सांगितलं, की तीन वर्षं ढोरं बाहेर ठेवा, दिवाळीनंतर गवत विळ्याने कापून न्या, चरून संपतं त्याच्या चौपट मिळेल. लोकांनी तिला तांड्याची पोरगी म्हणून ऐकवलं, ऊसतोड्याची म्हणून ऐकवलं. बाबांनीही सोडलं नाही. “चराईबंदी करता म्हणजे काय करता? ढोरायले नोटीस धाडता काय?” त्या सुमारास रस्त्याच्या एका ठेकेदाराने मुरमासाठी इकलासातला वरचा भाग मागितला होता. मुरूम गेला की खड्डा उरतो, एवढं गावाला कळत होतं. म्हणून ग्रामसभेने तीन वर्षं दिली. तीन वर्षांत गवत दिसलं तर इकलास गवताचा, नाही दिसलं तर मुरमाचा. ठेकेदार म्हणाला, थांबतो.

त्या तीन वर्षांतलं बहुतेक काम कंटाळवाणं होतं. धान्याच्या रिकाम्या पोत्यांत आम्ही वाटांच्या कडेचं बी गोळा केलं. मायने जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून दिल्या. आळीपाळीने पहारा केला. गुराख्यांनी शिव्या दिल्या, एकाने सुशीच्या पाठीत दगड मारला. तिने तो दगड उचलून कुंपणाच्या गडग्यात लावला आणि त्याला म्हणाली, “अजून दोन-चार मार, भित पुरी होईल.” दुसऱ्या वर्षी कुसळी आली, तिसऱ्या वर्षी पवन्या कंबरेला लागला. ससे आले. हरणांचा कळप एकदा संध्याकाळी वरच्या कडेला उभा दिसला. आणि तितर ओरडायला लागले. बाबा सकाळी बैल सोडायच्या आधी धुऱ्याजवळ जाऊन उभे राहायचे. काय करता म्हणून मायने विचारलं तर म्हणाले, “काही नाही. पलीकडे बोलून राह्यले कोनतरी.”

धुऱ्यावरून मात्र त्यांचं आणि सुशीचं जुंपायचं. ती जेवायला बसली की विषय काढायची.

“काका, धुरा पेटवू नका.”

“मंग काय धुऱ्याले तेल लावू?”

“तितराची अंडी असतात तठी.”

“तितरानं सातबारा काढला काय माह्या धुऱ्याचा?”

“तुमच्या हिवराचं खोड पाहा एकडाव. दरवर्सी जळून जळून अर्धं पोकळ झालं.”

बाबांनी ताटातली भाकर संपवली. दुसऱ्या दिवशी ते वळसा घालून पलीकडे गेले आणि खोडात हात घालून पाहिला. कोपरापर्यंत आत गेला, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. धुरा पेटवणं त्यांनी सोडलं नाही, पण एक करार झाला. इकलासाच्या चारही कडांना दर फाल्गुनात दहा हात रुंदीची जाळरेषा काढायची. म्हणजे तेवढ्या पट्ट्यातलं गवत मुळापासून कापून, काडी न काडी उचलून माती उघडी करायची, की आग तिथे येऊन थांबावी. बाबा तिला रेघ म्हणायचे. रेघ झाल्याशिवाय ते धुऱ्याला काडी लावणार नव्हते, आणि लावायच्या आदल्या दिवशी विचारणार होते. पहिली दोन वर्षं तसंच झालं.

तिसऱ्या वर्षी बाजू वाटून घेतल्या. उत्तर आणि पूर्व सुशीने घेतली, दक्षिण दिग्याने. पश्चिमेची, आमच्या धुऱ्याला लागून असलेली, माझ्याकडे आली. मी उत्तरेच्या टोकापासून सुरुवात केली आणि हिवरापर्यंत कापत आणली. पुढची, जवळजवळ दोन तृतीयांश, राहिली. तेव्हा मी एक लेख लिहीत होतो. वाशिमच्या एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयातल्या उपसंपादकांनी रविवारच्या पानासाठी इकलासावर लिहून मागितलं होतं. ग्रामसभेचा निर्णय जवळ आला होता. पेपरात आलं तर गाव मागे फिरणार नाही, असं आम्हा तिघांना वाटत होतं, आणि मला त्याहून जास्त वाटत होतं. मी तो लेख सहा वेळा लिहिला. सहाही वेळा त्यात एक वाक्य होतं: ‘क्षेत्राच्या चारही बाजूंनी दहा हात रुंदीची जाळरेषा काढण्यात आली आहे.’ लिहिताना मला ते वाक्य खोटं वाटत नव्हतं. काम दोन सकाळींचं होतं आणि ते होणारच होतं.

रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. अंबाडी सुकवून ठेवलेली होती, तिची भाजी आणि भाकर. माय चुलीशी होती. बाबांनी पाण्याचा घोट घेतला.

“गजा, रेघ झाली?”

“झाली.”

“पुरी?”

“झाली ना, बाबा.”

त्यांनी मान हलवली आणि मायकडे आणखी अर्धी भाकर मागितली. दुसऱ्या दिवशी सण आहे, त्यामुळे ते धुऱ्याकडे जाणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. माझ्या हिशेबात वाशिमहून येऊन परवा सकाळी मी राहिलेलं उरकणार होतो. सकाळी पहिली जीप गाठायला निघालो तेव्हा बाबा कोनाड्यातून आगपेटी घेत होते. मला ते बिडीसाठी वाटलं. म्हणाले, “वाशिमले चालला? येतानी बैलाले कासरा आनजो.” अंगणात निंबाच्या तोडलेल्या डहाळ्या पडलेल्या होत्या. सणाला दाराला बांधायला आणल्या असतील, असं वाटलं. मी दोन गोष्टी पाहिल्या आणि दोन्हींचा अर्थ मला सोयीचा तो लावला.

त्या दिवशी जे घडलं त्याला मी हजर नव्हतो. पुढचं मी दोन माणसांना विचारून लिहितो आहे. एक महादू गुराखी, जो समोरच्या टेकाडावर गुरं घेऊन होता, आणि दुसरी सुशी. बाबांनी उजाडताना दक्षिणेच्या टोकाला काडी लावली. वारा नव्हता. वळसा घालून ते पलीकडे गेले नाहीत, कारण त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं. धुरा नेहमीसारखा हळूहळू जळत होता. ऊन वर आल्यावर पश्चिमेचा वारा सुटला आणि महादूला धुऱ्याच्या पलीकडे, जिथे माती असायला हवी होती तिथे, ज्वाळा दिसल्या. त्याने आरोळ्या मारल्या. इकलासात कोणी नव्हतं. एरवी पहाऱ्याला तांड्यावरचं कोणीतरी असायचं, पण रामनवमीला तांडा रिकामा होतो, सगळे पोहरादेवीच्या यात्रेला जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून लोक निघालेले होते आणि सुशी त्यातल्या एका ट्रॉलीत होती.

फाट्यावर तिला धूर दिसला. धुऱ्याचा धूर पांढरा असतो आणि सरळ वर जातो. हा पिवळट होता आणि जमिनीलगत पसरत होता. तिने ट्रॉली थांबवायला सांगितलं, कोणी ऐकलं नाही, तेव्हा ती चालत्या ट्रॉलीतून उतरली. तिथून इकलास धावत अर्धा तास. ती पोचली तोवर गवताचा तिसरा हिस्सा गेला होता. आग मधल्या गाडीवाटेवर येऊन अडली होती आणि गावातली माणसं ती झोडपत होती. बाबा त्यांच्यात नव्हते. ते शेतात उभे राहिले असते तर त्यांना काही झालं नसतं. मागे सगळं नांगरलेलं रान होतं. महादूने सांगितलं की ते धुरा ओलांडून एकटेच गवतात शिरले आणि डहाळीने आग मारत उत्तरेकडे सरकत गेले. सुशीला ते धुऱ्यालगतच्या पट्ट्यात पडलेले सापडले, म्हणजे जो मी कापायचा होता त्यातच. पानं जळून काटक्या उरलेल्या चार डहाळ्या त्यांच्या मागे थोड्या थोड्या अंतरावर पडल्या होत्या. पाचवी हातात होती. सुशीने त्यांना ओढत हिवरापाशी, मी कापलेल्या उघड्या मातीवर आणलं. तिथे आग आली नव्हती. तिचे दोन्ही हात त्यात भाजले. बाबा तोवर गेले होते.

मी त्या वेळी वाशिमला उपसंपादकांच्या टेबलासमोर बसलो होतो. त्यांनी लेखातली तीन विशेषणं काढली, ती काढायलाच हवी होती. मग पेन्सिल एका ओळीवर ठेवून विचारलं, “चारही बाजूंनी जाळरेषा. बघून लिहिलंय ना?” मी हो म्हणालो. थोड्या वेळाने फोन वाजला. शेलूबाजारचा वार्ताहर होता. उपसंपादक फोन कानाला लावून कागदावर लिहीत होते आणि लिहिताना शब्द मोठ्याने उच्चारत होते. गावाचं नाव. धुरा पेटवताना. होरपळून. किसन. पुढे वार्ताहराला वय माहीत नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. “तुमच्याच गावचे आहेत. वय किती असेल, सांगता येईल?”

मी म्हणालो, “बावन्न.” आणि ते लिहून होईपर्यंत मला समजलं नव्हतं.

बातमी चार ओळींची आली. त्यातलं वय माझ्याकडून गेलं होतं. रविवारी माझा लेखही आला. तो थांबवायचं मला सुचलं तोवर पान लागलं होतं. तेरवी झाल्यावर चौथ्या दिवशी ग्रामसभा बसली, आमच्या दारासमोरच्या निंबाखाली. माझं डोकं भादरलेलं होतं. माय दाराच्या आत बसून होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. गवताने माणूस खाल्ला, असं कोणीतरी म्हणालं आणि मग सगळेच तसं म्हणू लागले. ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर टेकून उभा होता. सरपंचांनी पेपर उघडला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं.

“चारी बाजूनं, असं लिवलं हाये. मंग किसनभाऊच्या बाजूनं माती काहून नव्हती? ते बाजू कोनाकडं होती?”

दिग्याला माहीत होतं. त्या संध्याकाळी जेवताना मी काय बोललो ते मी त्याला आणि सुशीला सांगितलं होतं. तो खाली पाहत होता. मी उठायला गेलो, हात जमिनीला टेकले. एवढं मी नक्की केलं. त्यापुढे मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, कारण माझ्या आधी सुशी उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या.

“माह्याकडं होती,” ती म्हणाली. “हिवरापावतर झाली, पुढं माह्याच्यानं झाली नाही. गजाले मीच झाली म्हणून सांगतलं. त्यानं तेच घरी सांगतलं आन तेच लिवलं.”

लोक बराच वेळ बोलत होते. त्यातलं बरंचसं तिच्या जातीवर आणि तिच्या बापाच्या कोयत्यावर होतं. ते मी इथे लिहीत नाही. ती खाली बसली नाही. शेवटी सरपंच म्हणाले की या पोरीने इकलासात पाय ठेवायचा नाही. आणि इकलासाचं काय, असं ठेकेदाराच्या माणसाने विचारलं, तेव्हा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, किसनभाऊनं त्या गवतासाठी जीव देला, आता ते मुरमाले कसं देता? इकलास गवताचा राहिला. तो किसनभाऊच्या नावाने राहावा आणि त्यांच्या पोराने सांभाळावा, असं ठरलं. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

सभा उठल्यावर सुशी आमच्या दाराशी गेली. माय म्हणाली, “या घरची भाकर खाल्ली व तू.”

“व्हय, काकू,” ती म्हणाली, आणि परत फिरली.

मी तिला हातपंपापाशी गाठलं. काहून केलं, असं विचारलं. तिला पाणी प्यायचं होतं आणि पट्ट्यांमुळे ओंजळ करता येत नव्हती. मी पंप हापसला, ती तोंड खाली धरून पाणी प्यायली आणि तिने बाहीला तोंड पुसलं.

“काकूचा नवरा गेला. पोरगाबी काहून घालवू? तिनं आइकलं होतं ना, तू झाली म्हनला ते.”

मी पंप पुन्हा हापसला.

“आन दुसरं आइक. तुह्या नावानं गवत वाचते. माह्या नावानं नाही वाचत. मी बसल्या बसल्या तेच पाहून राह्यली होती.” मग म्हणाली, “काकू हाये तोवर तोंड उघडू नको. आन रेघ मारत जाजो.”

त्या दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. कॉलेज सुटलं. जळलेल्या हिश्श्यात पोळ्यापर्यंत सगळ्यात उंच गवत आलं होतं. जळाल्यावर ते येतंच. हिवराचं पोकळ झाड मात्र धुऱ्याच्या बाजूने पेटलं होतं, ते धुमसत राहून पडलं. पुढे लोक बाहेरगावाहून इकलास पाहायला यायला लागले. फाटकाशी फलक लागला, वर बाबांचं नाव आणि खाली ‘संस्थापक’ म्हणून माझं. मला जिल्ह्याचा एक पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात मी वीस वर्षं इतरांच्या चुकांची दुरुस्ती पान दोनवर खाली चौकटीत छापली. माझ्या त्या वाक्याची कधी छापली नाही. मायने त्या दिवसानंतर सुशीचं नाव घेतलं नाही, एक वेळ सोडून. तूर पाखडत बसली होती आणि सूप हलवतच म्हणाली, “त्या पोरीच्या हातून काम राहत नव्हतं.” मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

माय जाऊन तीन वर्षं झाली. अट संपून तीन वर्षं झाली, असंही म्हणता येईल. हे प्रकरण लिहून झाल्यावर मी कागद घेऊन तांड्यावर गेलो. सुशी आता चुलत्याच्या जागेवर बांधलेल्या घरात राहते. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. तिच्या पुतणीबरोबर आणखी दोन मुली ओट्यावर अभ्यास करत होत्या. इकलासाच्या तीन बाजूंच्या जाळरेषा गेली काही वर्षं या तांड्यावरच्या मुलीच काढतात. गावाने त्यांना कधी अडवलं नाही, आणि फलकावर त्यांची नावंही नाहीत. मी वाचून दाखवलं. सुशीने मध्ये एकदाच थांबवलं.

“दगड पाठीत नाही, खांद्याले लागला होता.”

मी म्हणालो, दुरुस्त करतो. फलकही बदलून घेतो.

“फलक ढोरायले वाचता येते काय? राहू दे.” ती थोडा वेळ बोटं चोळत होती. “हे तू काकू असतानी तिले एकटीले सांगतलं असतं तं बरं झालं असतं. तिनं मले मंग एकडाव तरी जेवाले बोलावलं असतं.”

बाहेर फाल्गुनाचं ऊन होतं. सुशीने पुतणीला विचारलं की तुमच्या तिन्ही बाजू झाल्या का. झाल्या, ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“आन पश्चिमेची?”

आमचं शेत आता मी ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिलं आहे. पश्चिमेची बाजू शेत वाहणारा माणूस करतो, असं ठरलेलं आहे.

“झाली?” तिने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “पाह्यली नाही.”

ती उठली. आम्ही धुऱ्याच्या उत्तरेच्या टोकाला वळसा घालून गेलो. मुली पुढे चालत होत्या. गवत धुऱ्यापर्यंत उभं होतं. हिवर होतं त्या जागेपर्यंत कोणीतरी कापत आणलं होतं आणि पुढे सोडून दिलं होतं. सुशीने पाहिलं आणि पुतणीला हाक मारली.

“घरून इळे आन व. चार आनजो. यालेबी एक लागते.”